वकील पुढारी आणि समाजाचे वकीलपत्र

कोर्टात खटले चालविणारा वकील पुढारी झाला तर समाजाने त्याच्यावर विश्वास टाकावा काय? हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम घेत आहोत. निवडणूक नगरपंचायतीची असो की लोकसभेची, उमेदवाराच्या नावाआधी 'अॅड.' लागले की आपल्या वस्तीतल्या माणसाच्या मनात दोन गोष्टी एकदमच येतात. हा शिकलेला आहे, कायदा जाणतो, साहेबापुढे ताठ उभा राहील, ही एक. आणि हा वकील आहे, काळ्याचे पांढरे करील, ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्याला बाबासाहेबांनी शिकविली. दुसरी आपण कोर्टाच्या पायऱ्या झिजवून शिकलो.

आमचे कळंब यवतमाळ जिल्ह्यातले, चिंतामणीचे. धाराशिवकडचे नव्हे. तालुक्याचे गाव असल्यामुळे येथे दिवाणी व फौजदारी न्यायालय आहे आणि न्यायालय आहे म्हणून वकीलही आहेत. परंतु अॅट्रॉसिटीचा खटला येथे चालत नाही. तो यवतमाळच्या विशेष न्यायालयात जातो. फिर्यादी रोजमजुरी बुडवून एस.टी.ने यवतमाळला जातो, दिवसभर बाकावर बसतो आणि संध्याकाळी नवी तारीख घेऊन परत येतो. अशा दहा-वीस तारखा झाल्या की गावातले वजनदार लोक निरोप धाडतात, 'आपसात करून टाका.' साक्षीदार आधीच फितूर झालेले असतात. आणि कधी कधी असेही पाहायला मिळते की आरोपीच्या बाजूने उभा असलेला वकील हा आपल्यापैकीच असतो, १४ एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे असतो आणि पुढच्या निवडणुकीत 'समाजाचा उमेदवार' म्हणून आपल्याच दारात उभा असतो.

येथे घाईने निवाडा देऊ नये, असे आमचे मत आहे. आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या कलमाने दिलेला आहे आणि तो हक्क आपल्याही कामाचा आहे. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला आणि गावोगावच्या आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. तेव्हा जामिनासाठी धावले ते वकीलच. आरोपीचे वकीलपत्र घेणे हा गुन्हा मानला तर उद्या आपल्या पोरांसाठी कोण उभा राहील? तेव्हा वकिलाने कोणाची केस घेतली, एवढ्यावरून तो बरा की वाईट हे ठरत नाही. अमेरिकेत गुलामगिरी रद्द करण्याच्या जाहीरनाम्यावर १८६३ साली सही करणारे अब्राहम लिंकन हे इलिनॉय राज्यात खटले चालविणारे वकील होते. त्याच लिंकनने १८४७ साली मॅट्सन नावाच्या एका गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले होते. आपल्या शेतावरून निघून गेलेली काळी बाई आणि तिची मुले परत मिळावीत म्हणून मॅट्सन कोर्टात गेला होता. लिंकन तो खटला हरले, ते कुटुंब मुक्त झाले आणि लिंकनच्या हरण्यात माणुसकी जिंकली!

मग पुढारी म्हणून वकिलाला पारखायचे कशावर? याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील सर्वात गाजलेल्या सरकारी वकिलाचे उदाहरण बाजूला ठेवता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा कुठे शासन हलले. पुढे विशेष सरकारी वकील म्हणून अॅड. उज्ज्वल निकम उभे राहिले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला चालविणारा नामांकित वकील आपल्या बाजूने आला, याचा लोकांना मोठा आधार वाटला होता. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले आणि त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम टिकले नाही. या हत्याकांडामागे जात होती, हे न्यायालयाने मानले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. दोष तपासाचा किती, मांडणीचा किती आणि न्यायासनाच्या दृष्टीचा किती, यावर समाजात वर्षानुवर्षे वाद झाला. तो वाद आम्ही येथे उकरत नाही. एक गोष्ट मात्र तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आली. सरकारी वकिलाचा पक्षकार शासन असते. भाऊसाहेब असो की भैयालाल, ज्याचे घर उद्ध्वस्त झाले तो त्या खटल्यात केवळ साक्षीदार असतो. 'आपला वकील' असे आपण म्हणत होतो, ते वकीलपत्र आपण दिलेलेच नव्हते.

पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा खटलाही निकम यांनीच चालविला. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही बातमी देशभर पसरली आणि कित्येक वर्षे राजकीय सभांतून ती फोडणीसारखी वापरली गेली. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनी स्वतःच सांगितले की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होत असलेली भावनिक लाट मोडावी म्हणून ही गोष्ट आपण रचली. आता कोर्टात वकिलाने असे काही म्हटले असते तर समोरचा वकील उठला असता, न्यायाधीशांनी पुरावा मागितला असता. कोर्टाबाहेर कॅमेऱ्यासमोर उलटतपासणी नसते. मे २०२४ मध्ये निकम भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर मुंबई उत्तर मध्यमधून लोकसभेला उभे राहिले आणि वर्षा गायकवाड यांच्याकडून सोळा हजारांवर मतांनी पराभूत झाले. पराभवानंतर त्यांची पुन्हा विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले.

ते कोणत्या पक्षात गेले यावर आमचा आक्षेप नाही. तो त्यांचा हक्क आहे. आमचा मुद्दा वकिली आणि पुढारीपण यांच्यातील फरकाचा आहे. कोर्टात वकिलावर तीन लगाम असतात. समोर विरुद्ध बाजूचा वकील असतो, वर न्यायाधीश असतो, आणि मागे पक्षकार असतो, जो नाराज झाला तर वकीलपत्र काढून घेतो. पुढारी झाल्यावर यातला एकही लगाम राहत नाही. निवडून गेलेल्याचे वकीलपत्र पाच वर्षे काढता येत नाही. सभेत उलटतपासणी घेता येत नाही. भाषा मात्र तीच राहते, युक्तिवादाची, पटवून देण्याची. ज्याला दोन्ही बाजू सारख्याच जोराने मांडता येतात, तो आज आपली बाजू मांडतो आहे ती मनापासून की फी घेऊन, हे साध्या माणसाने ओळखायचे कसे?

ओळखण्याची एक खूण आहे, आणि ती महाडच्या खटल्यात सापडते.

महाडचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे, महाडचा खटला मात्र फारसा कोणी सांगत नाही. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. हा हक्क कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी पिऊन तो प्रत्यक्षात आणला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा स्पृश्यांनी दिवाणी दावा ठोकला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची वहिवाट फार जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली. सत्याग्रहासाठी नावे नोंदविली गेली ती ३८८४. तुरुंगात जायला, मार खायला तयार असलेली ही माणसे होती. आणि त्यांच्यासमोर उभा राहून त्यांचा पुढारी सांगतो की आज पाण्याला हात लावायचा नाही. आपले भांडण स्पृश्यांशी आहे, ते सरकारशी आणि कोर्टाशी लावून घ्यायचे नाही, दावा आपण लढू. विचार करा, त्या क्षणी टाळ्या कशाला मिळाल्या असत्या? 'चला तळ्यावर' या दोन शब्दांना. बाबासाहेबांनी टाळ्या सोडल्या. लोकांनी तळ्याला मिरवणुकीने वेढा घातला आणि पाण्याला न शिवता ते परत फिरले. असा कडू सल्ला पक्षकाराला देण्याची सवय वकिलीने लागते, हे वकिलीचे मोठेपण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु असा सल्ला देणारे वकील पुष्कळ असतात. 'सध्या थांबा' असे सांगून घरी जाणारे तर फारच. महाडचे वेगळेपण पुढे आहे. त्या दाव्यात बाबासाहेब नुसते वकील नव्हते, ते स्वतः प्रतिवादी होते. सल्ला चुकला असता तर निकाल त्यांच्याच नावावर लागणार होता. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाचा निकाल बाजूने लागला, वादी अपिलात ठाण्याला गेले, तेथेही १९३३ साली हरले, मग उच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. देशाच्या राजकारणात इतके घडत असताना एका तालुक्याच्या गावातील तळ्याचा दावा बाबासाहेबांनी सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. कायद्याच्या पुस्तकात आजही तो निकाल नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने सापडतो. (निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड. अहमदाबादेत १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. त्या खटल्यात आरोपी बॅरिस्टर होता आणि त्याने गुन्हा कबूल केला होता!)

आमची खूण ही एवढीच आहे. ज्या भांडणाचा सल्ला वकील देतो, त्या भांडणात त्याचे स्वतःचे नाव आहे काय? आणि निकाल लागेपर्यंत तो तेथे राहतो काय? दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांनी १९५२ साली ऑलिव्हर टांबोंबरोबर जोहान्सबर्गला काळ्या माणसांसाठी वकिलीचे कार्यालय थाटले. बारा वर्षांनी तोच वकील रिव्होनिया खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता आणि जन्मठेपेला गेला. त्या देशाने त्यांच्यावर विश्वास टाकला तो त्या पिंजऱ्यामुळे, कोटामुळे नव्हे.

बाबासाहेबांच्या वकिलीविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर त्यांना कामे देत नव्हते, कारण उघड आहे. पोटासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. अशा दिवसांत पुण्याच्या जेधे-जवळकर मंडळींवर 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाबद्दल खटला झाला, तो त्यांनी १९२६ साली अपिलात जिंकून दिला. 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजूही बाबासाहेबांनीच मांडली, आणि तो खटला ते हरले. कर्वे काही चळवळीतले नव्हते. संततिनियमनाचे नाव घेतले की सभ्य लोक तोंड फिरवीत, त्या काळात ही बाजू घेतली. मंत्री झाल्यावरही हा स्वभाव गेला नाही. हिंदू कोड बिल मागे पडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या स्त्रियांची बाजू आपण घेतली त्यांना न्याय देता येत नसेल तर खुर्ची कशाला, हा तो हिशेब. आजचे किती वकील मंत्री असा हिशेब करतात?

आता आमच्याच जिल्ह्याकडे या. लोकनायक बापूजी अणे वणीचे, वकिली यवतमाळला. जुलै १९३० मध्ये पुसदला राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. वकिलाने स्वतः कायदा मोडून शिक्षा भोगली, तेव्हा आमची खूण त्यांना लागू पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९३४ साली, अल्पसंख्याकांना स्वतंत्र वाटा देणाऱ्या जातीय निवाड्यावर काँग्रेस तटस्थ राहिली, ते न पटून त्यांनी पंडित मालवीयांबरोबर काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी काढली. म्हणजे माणूस सच्चा, धाडसी आणि आपल्या पक्षकाराशी इमानदार. फक्त ते वकीलपत्र आपले नव्हते. चौकात पुतळा असलेल्या प्रत्येक पुढाऱ्याबद्दल हा दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. तो प्रामाणिक होता काय, हे कळले तरी पुरत नाही. तो कोणाचा होता, हेही कळावे लागते.

आणि आपले स्वतःचे वकील? हा विषय अवघड आहे, तरी टाळून चालणार नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांच्या आत तो फुटला. एका बाजूला अॅड. बी. सी. कांबळे, दुसऱ्या बाजूला कर्मवीर दादासाहेब गायकवाड. दोघेही १९५७ च्या लोकसभेत निवडून गेलेले, दोघांचीही बाबासाहेबांवरील निष्ठा वादातीत. कांबळे कायद्याचे गाढे अभ्यासक. पुढे त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र अनेक खंडांत लिहिले, ते आजही अभ्यासकांना लागते. दादासाहेब फारसे शिकलेले नव्हते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात तयार झालेला, धोतर नेसणारा, खेड्यातल्या माणसाच्या भाषेत बोलणारा हा माणूस. कांबळे यांच्या गटाने आपल्याला 'दुरुस्त' म्हणवून घेतले, मग उरलेले आपोआप 'नादुरुस्त' झाले. संविधान आले आहे, आता सत्याग्रहाचे मार्ग सोडावेत, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात सांगितले होते. त्याचा आधार घेऊन भूमिहीनांचे आंदोलन आणि कम्युनिस्टांची संगत या दोन्हींवर आक्षेप घेतला गेला. सुटाबुटातले विरुद्ध धोतरातले, असे या भांडणाला लोक म्हणत.

कागद पाहिला तर कांबळे यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी हेही बजावले होते की राजकीय समता आली तरी सामाजिक-आर्थिक विषमता राहिली तर हा डोलारा कोसळेल. वकिलाची एक खोड असते. दस्तऐवजातील आपल्या बाजूची ओळ तो अधोरेखित करतो, दुसरी ओळ समोरच्याने दाखविली तर बघू म्हणतो. दादासाहेबांनी दुसरी ओळ वाचली. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. बायाबापड्या कडेवर लेकरे घेऊन गेल्या. पडीक आणि सरकारी जमिनीवर दलित भूमिहीनांचा हक्क आहे, ही गोष्ट देशाच्या राजकारणात मांडली गेली ती या सत्याग्रहाने. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७८ आणि १९९१ साली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले, त्यामागे हीच पुण्याई आहे.

याचा अर्थ वकील नको, सत्याग्रही हवा, असा कोणी काढू नये. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आमच्या शेजारच्या चंद्रपूरचे. राज्यसभेचे उपसभापती झाले, पण त्यांचे नाव आजही गावातल्या विहारात आदराने निघते. त्यांच्याही नावाचा गट झालाच, हे दुःख वेगळे. आणि एप्रिल २०१८ आठवा. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे महाडच्या वर्धापनदिनीच, सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. दिल्लीत नामवंत वकिलांची फौज असताना हे झाले. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसे मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात १८-अ कलम घालावे लागले. कोर्टात गेलेले रस्त्याने परत मिळविले. पण मिळाले ते शेवटी कलमाच्याच रूपात, आणि त्या कलमाचा अर्थ सांगायला पुन्हा वकीलच लागला.

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. उद्याचा वकीलच होता. त्याच्या आईच्या वतीने औरंगाबाद खंडपीठात अॅड. प्रकाश आंबेडकर स्वतः उभे राहिले. त्यांच्या राजकारणाशी समाजातील अनेकांचे मतभेद आहेत आणि ते मतभेद या पानावरही छापले जावेत, असे आम्हाला वाटते. परंतु पक्षाचा प्रमुख काळा कोट घालून एका आईसाठी युक्तिवाद करतो, जुलै २०२५ मध्ये खंडपीठ पोलिसांवर गुन्हा नोंदविण्याचा आदेश देते, राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात जाते आणि तेथेही आदेश कायम राहतो, याची नोंद मतभेदासकट घ्यावी लागेल. सनद कोणालाही मिळते. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्यावर जोडा फेकण्याचा प्रयत्न करणारा इसमही वकीलच होता.

या सगळ्याचा कळंबशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध ई-क्लासचा आहे. विदर्भात गायरानाला ई-क्लास म्हणतात. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्यभर गायरानावरील अतिक्रमणधारकांना नोटिसा निघाल्या. ज्यांच्या आजोबांनी दादासाहेबांच्या हाकेवर जमीन कसायला घेतली, त्यांच्या नातवांना आता पंचनामे, पावत्या, पीकपेरा, जुने दंड भरल्याचे कागद दाखवावे लागतात. या माणसाला सभेतले भाषण उपयोगाचे नाही. त्याला १९९१ च्या शासन निर्णयाची प्रत काढून देणारा, तहसीलदारापुढे अर्ज टाकणारा, फेटाळला तर अपिलाची मुदत सांगणारा माणूस लागतो. आमचा राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. कोलाम आणि गोंड बांधवांचे वनहक्काचे दावे याच टेबलांवर अडतात. येथे वकील पुढारी व्हावा, अशीच आमची इच्छा आहे. यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी तर यावेच.

पण ते मते मागायला येतील तेव्हा विचारायचे. भाऊ, तुम्ही सांगता ते आंदोलन झाले तर तुमचे नाव एफ.आय.आर.मध्ये असेल काय? ई-क्लासच्या प्रकरणात तुम्ही फी घेतली काय, घेतली तर किती, आणि तारखेला स्वतः गेलात की ज्युनिअरला धाडले? अॅट्रॉसिटीत आपसात करण्याचा निरोप घेऊन तुम्ही कधी कोणाच्या घरी गेला होता काय? आरोपीचा बचाव करणे वेगळे आणि फिर्यादीच्या घरी जाऊन त्याला मोडणे वेगळे, हा फरक वकिलाला नीट कळतो. आणि पीडिताने मागणी केली तर जिल्हाधिकारी त्याच्यासाठी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात, असे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ४ मध्ये लिहिले आहे. हा अर्ज तुम्ही आजवर कितीजणांना लिहून दिला?

उत्तरे तोंडी घेऊ नयेत. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवारावरील गुन्हे लिहावे लागतात, पण त्याने कोणाची वकीलपत्रे घेतली हे लिहावे लागत नाही. ते दुसरीकडे सापडते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने खटले शोधण्याची सोय आहे. महाराष्ट्र निवडायचे, मग यवतमाळ जिल्हा, मग न्यायालय. तालुक्यांच्या यादीत कळंब आहे.